आधी एक बॉक्स

ग्वेल्फच्या त्या घरात मला खोली मिळाली ती आधी फक्त एका आठवड्यासाठी. लीज नाही, डिपॉझिट नाही. घरमालक दारातच म्हणाले, "एक आठवडा राहा. तू आम्हाला बघ, आम्ही तुला बघतो. जमलं तर पुढचं बोलू." मी नागपूरहून आलेली, हातात दोन बॅगा, सोमवारी नव्या नोकरीचा पहिला दिवस. मला वाटलं, कॅनडात अशीच पद्धत असेल. पुढे कळलं की कॅनडाचा यात काही संबंध नव्हता. हा माणूस कुठलीही गोष्ट घाऊक घेण्याआधी तिचा एक नमुना घेऊन बघत असे, आणि त्या आठवड्यात नमुना मी होते.

मी पास झाले असणार, कारण पुढची चार-पाच वर्षं मी त्याच घरात राहिले. त्यांना काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. काका सांगलीचे, धातुशास्त्र शिकलेले. सत्तरच्या दशकात इकडे आले आणि व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलमध्ये निवृत्त होईपर्यंत राहिले. नोकरी संपली, पण क्वालिटी कंट्रोल काही संपलं नाही. इंडियन ग्रोसरीत आंब्याच्या पेट्या आल्या की काका एक आंबा विकत घेत, पार्किंगमध्ये गाडीत बसून खात, हात पुसत आणि मग पेटी घ्यायला परत आत जात. आंबा आवडला नाही तर तसेच घरी येत आणि काकूंना सांगत, "दिसायला जावयासारखा होता. आत काही नाही." विंटर टायर घेताना त्यांनी आधी एकच टायर मागितला होता. टायरवाल्याने चारही नाहीतर एकही नाही असं सांगितलं, तेव्हा काका त्याच्यावर नाराज होऊन दुसऱ्या गावी गेले.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा खुलला होता. "म्हणजे आपल्यातलीच," ते काकूंना म्हणाले. काकू म्हणाल्या, "घ्या. आता घरात दोन झाले."

पण त्यांचा हा स्वभाव पूर्ण फुललेला बघायचा तर शनिवारी बघावा लागे. दर शनिवारी सकाळी काका गावाबाहेरच्या शूटिंग क्लबमध्ये जाऊन कागदाच्या टार्गेटवर पिस्तुल चालवत. मराठी मंडळात त्यांना 'बंदूकवाले काका' म्हणत. एका गणपतीत नव्याने आलेल्या कुणीतरी त्यांना, तुम्ही पोलिसात होतात का, असं विचारलं होतं. काका म्हणाले, "नाही. व्हॉल्व्हमध्ये होतो." विचारणाऱ्याला काय कळायचं ते कळलं असेल.

हा नाद त्यांना इकडच्या पहिल्याच हिवाळ्यात लागला. फॅक्टरीतला एक सहकारी त्यांना क्लबवर घेऊन गेला. "तिथे हीटर होता, कॉफी होती, आणि सगळ्यांच्या कानांवर मोठाली इअरमफ," काका सांगत. "इंग्रजी बोलावं लागत नाही अशी गावात तेवढी एकच जागा होती." पुढे इंग्रजी आलं, घर झालं, मुलगा शिकून व्हँकुव्हरला गेला. क्लब राहिला.

काकूंना हा प्रकार कधीच पसंत नव्हता, पण त्यांनी तो कायद्यात बसवून टाकला होता. सरकारचा कायदा असा की पिस्तुलं कुलूपबंद तिजोरीत ठेवायची. ती बेसमेंटमध्ये होती, आणि काडतुसं शेजारच्या वेगळ्या कपाटात, त्यालाही कुलूप. काकूंचा कायदा असा की क्लबवरून आल्यावर शर्ट बदलून, कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. काका दोन्ही कायदे सारख्याच गांभीर्याने पाळत. पिस्तुल गाडीत असलं की परवानगी घर ते क्लब आणि क्लब ते घर एवढीच, म्हणून ते वाटेत कुठेही थांबत नसत. कॉफीला नाही, वॉशरूमलाही नाही. एकदा काकूंनी फोन करून सांगितलं की येताना कोथिंबीर आणा. ग्रोसरी अगदी रस्त्यावर होती. काका तिच्यासमोरून सरळ घरी आले, पिस्तुल तिजोरीत ठेवलं, शर्ट बदलला, कोपरापर्यंत हात धुतले आणि मग कोथिंबीर आणायला निघाले. तोवर काकूंनी कोथिंबिरीशिवायच आमटी उतरवली होती.

मी या सगळ्यात ओढले गेले ते ड्रायव्हिंगमुळे. मला बर्फात गाडी चालवायची भीती वाटे आणि काकांचं म्हणणं असं की भीती फक्त शनिवारी सकाळी जाते. म्हणून मी गाडी चालवायची, ते शेजारी बसायचे. बोलणं बहुतेक वेळा एकाच विषयावर असे: यंदा प्रॅक्टिससाठी कुठलं काडतूस घ्यावं.

"गोळ्या" म्हटलेलं त्यांना चालत नसे. "गोळ्या डॉक्टर देतो," ते म्हणत. "गोळी म्हणजे पुढचं टोक. पितळेची नळी, तिच्यात दारू, बुडाला ठिणगीची टोपी आणि पुढे गोळी, असं सगळं मिळून काडतूस." प्रॅक्टिसला काडतुसं पुष्कळ लागतात, त्यामुळे महागडी मॅचची काडतुसं उडवणं त्यांच्या लेखी रोज पैठणी नेसून भांडी घासण्यासारखं होतं. स्वस्त हवं. पण स्वस्तात दहा जाती, आणि काकांकडे प्रत्येकीबद्दल मत होतं, बहुतेक अनुभवातून आलेलं. लोखंडी नळीची काडतुसं स्वस्त मिळतात. ती त्यांनी एकदा आणली आणि पिस्तुलाने ती अडकवून अडकवून नापसंती कळवली. क्लबमधले काहीजण घरी भरलेली काडतुसं प्लॅस्टिकच्या पिशवीतून विकत, ती तर काका हातातही धरत नसत. "दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं खाईन," ते म्हणत, "दुसऱ्याने भरलेलं काडतूस नको."

एका वर्षी त्यांनी कुठल्यातरी देशाच्या सैन्यातली जुनी काडतुसं घेतली होती. अगदी स्वस्त, आणि उडतही चांगली. भानगड एवढीच की तसल्या जुन्या काडतुसांच्या टोपीत एक क्षार असतो, त्याने पिस्तुलाची नळी गंजते. उडवून झाल्यावर नळीतून उकळतं पाणी ओतावं लागतं. काकू त्या दिवशी मंदिरातून लवकर परत आल्या तेव्हा काका सिंकपाशी उभे होते, एका हातात पिस्तुलाची सुटी नळी, दुसऱ्या हातात काकूंची चहाची किटली, आणि नळीच्या तोंडाशी तेल भरायचं नरसाळं. काकूंनी आवाज चढवला नाही. त्यांनी पर्स खाली ठेवली, गाडीची किल्ली उचलली आणि दुकानातून नवी किटली आणि नवं नरसाळं घेऊन आल्या. जुन्या किटलीवर मार्करने 'काका' असं लिहून ती बेसमेंटमध्ये पाठवून दिली. त्यानंतर सैन्याची काडतुसं घरात आली नाहीत.

त्यांच्या खिशात एक चुंबकही असे. क्लब बंद हॉलमध्ये होता आणि तिथे लोखंड असलेली गोळी चालत नसे. ती मागच्या भिंतीवर आदळली की ठिणग्या उडतात. वरून तांबं दिसतं, आत लोखंड असतं. चुंबक चिकटलं की कळतं. काका दुकानात प्रत्येक नव्या मालाला चुंबक लावून बघत, आणि सवय अशी की मग कशालाही लावत. काकूंनी मंडळाच्या आनंदमेळ्यातून पूजेसाठी तांब्याचा गडू आणला तेव्हा काकांचं चुंबक त्याला टच्कन चिकटलं. गडू देवघरातून स्वयंपाकघरात आला आणि काकू आठवडाभर काकांशी माझ्यामार्फत बोलत होत्या.

नवं काडतूस पारखायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी एक बॉक्स. सगळा स्वतः उडवायचा, घाई न करता. नेम कुठे लागतो याकडे फार लक्ष नाही, लक्ष कानाकडे. इअरमफ घालूनही त्यांना फरक कळत असे. एखादा बार जरा दबका वाटला तरी ते पिस्तुल खाली ठेवून विचार करत. "सगळ्यात महाग काडतूस कुठलं?" ते मला विचारत, आणि मी उत्तर द्यायच्या आधीच सांगत, "जे उडत नाही ते." एक बॉक्स पास झाला की मग पाच-सहा. पण बॉक्सवर लॉटचा नंबर असतो, तो बदलला की पुन्हा पहिल्यापासून. "त्याच आईबापांचा दुसरा मुलगा," काका म्हणत. "पहिल्यावरून मत बनवायचं नाही."

त्यांनी मलाही एकदा पिस्तुल चालवायला लावलं, पाहुणी म्हणून, शेजारी उभं राहून. लहान, पॉइंट टू-टूचं. "श्वास घे. अर्धा सोड. आता विसर की बार होणार आहे." मी विसरले नाही. डोळे मिटून चाप ओढला. माझ्या टार्गेटवर काहीच उमटलं नाही. शेजारच्या लेनमध्ये एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी स्वतःचं टार्गेट जवळ ओढून नीट पाहिलं आणि मला म्हणाल्या, "थँक यू, डिअर. तू माझा स्कोअर वाढवलास."

त्या डोरीन. आयुष्यभर हॉस्पिटलमध्ये नर्स होत्या, आता निवृत्त. क्लबमध्ये काकांच्या खालोखाल जुन्या. दर शनिवारी घरी केलेले बटर टार्ट आणत, आणि काकांना बाजूला ठेवलेला बिनमनुकांचा टार्ट मिळे, कारण त्यांना मनुका चालत नसत. कुठलं काडतूस घ्यायचं याबाबत डोरीनचा नियम एकच: काका सांगतील ते. खरं तर सगळ्या क्लबचाच तो नियम होता. दुकानदारही गिऱ्हाइकाला आधी विचारत असे, "क्लबातल्या त्या इंडियन जेंटलमनने घेतलंय का हे?"

मग ते टंचाईचं वर्ष आलं. सीमेपलीकडे अमेरिकेत लोक काडतुसं साठवायला लागले म्हणे, आणि आमच्याकडची शेल्फं रिकामी झाली. नेहमीचं, काकांचं आवडतं काडतूस मिळेनासं झालं. लोक क्लबवर येत, थोडंसं उडवत आणि उरलेला वेळ कॉफी पीत कुरकुरत. काकांकडे बेसमेंटच्या कपाटात वर्षानुवर्षं जमवलेला, पारखलेला साठा होता. तो ते काटकसरीने वापरत.

त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला दुकानात एका अनोळखी कंपनीचा माल आला. काकांनी आधी एक बॉक्स घेतला. चुंबक लावलं, शनिवारी उडवला, एकही बार चुकला नाही. क्लबवर बातमी पसरली आणि सगळ्यांनी काकांना गळ घातली: दुकानदाराशी बोला, आपण सगळ्यांसाठी मिळून घेऊ. काकांनी बोलणं केलं. माल आल्याचा फोन आला तेव्हा ऑफिस सुटल्यावर मीच त्यांना घेऊन गेले.

काउंटरवर खोकी रचलेली होती. काकांनी वरचं फोडून एक बॉक्स काढला, उलटा केला, आणि तसेच उभे राहिले. मी जवळ जाऊन पाहिलं. लॉट वेगळा होता.

"काका, नंबर बदललाय," मी म्हणाले.

"दिसतोय."

मागे रांग होती. कुणीतरी त्या खोक्यांकडे टक लावून बघत होतं. दुकानदार म्हणाला, "सर, तुम्हाला नको असेल तर सांगा. संध्याकाळपर्यंत यातलं एकही राहणार नाही."

काकांनी बॉक्स सरळ केला, परत उलटा केला. क्लबवरची सगळी मंडळी त्यांच्या डोळ्यांपुढे असणार. "विल टेक इट," ते म्हणाले. गाडीत बसल्यावर ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "पहिला चांगला होता." पहिल्यावरून मत बनवताना मी त्यांना प्रथमच पाहत होते.

जानेवारीतला शनिवार. बाहेर गुडघाभर बर्फ, आत सगळ्या लेन भरलेल्या. मी मागे बाकावर बसून फोनवर मेल बघत होते. डोरीन त्यांच्या लेनमध्ये, काका तीन लेन सोडून पलीकडे. धाड, धाड, धाड असं चाललेलं होतं, आणि त्यात मध्येच एक फट् असा आवाज आला. मला तो आवाज म्हणून जाणवलाही नाही. नंतर आठवायला गेले तेव्हा आठवला. डोरीनना वाटलं काडतूस उडालंच नाही. त्यांनी हाताने पिस्तुलाची वरची बाजू मागे ओढली, नवं काडतूस आत घेतलं आणि नेम धरला.

"थांब."

काकांचा तसला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. इतकी वर्षं इंग्रजीत नियम सांगणारा माणूस मराठीत ओरडला होता. आणि डोरीन, ज्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, थांबल्या. बोट चापावरून बाजूला झालं. सगळा हॉल थांबला.

काका त्यांच्यापाशी गेले. पिस्तुल भिंतीकडेच धरून ठेवायला सांगितलं, मग ते रिकामं केलं, नळी सुटी केली आणि समोरून एक बारीक पितळी सळई आत घातली. सळई अर्ध्यावर जाऊन अडली. काडतुसात दारू भरलेलीच नव्हती किंवा जेमतेम होती. टोपीच्या ठिणगीने गोळी नळीच्या मध्यापर्यंत सरकून तिथेच बसली होती. तिच्या मागून दुसरी उडाली असती तर तिला बाहेर पडायला वाट नव्हती. नळी डोरीनच्या हातात फाटली असती.

डोरीननी सळईकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे. "वेल," त्या म्हणाल्या, "मला हे अजून लागतात." मग त्या खाली बसल्या आणि कुणीतरी त्यांना पाणी दिलं.

लोक काकांच्या पाठीवर थाप मारायला लागले. काय कान आहेत, काय प्रसंगावधान. काकांचं लक्ष नव्हतं. त्यांनी डोरीनच्या टेबलावरचा बॉक्स उचलून उलटा केला, नंबर पाहिला आणि परत ठेवला. तो त्यांनी सगळ्यांसाठी घेतलेल्या मालातलाच होता.

घरी पोचल्यावर काकांनी शर्ट बदलला, हात धुतले. काकू म्हणाल्या, "जेवून घ्या, गरम आहे." काका म्हणाले, "आधी फोन करतो." आणि ज्यांनी ज्यांनी तो माल घेतला होता त्या प्रत्येकाला फोन करून सांगितलं: एकही उडवू नका. उद्या मी येऊन घेऊन जाईन, बदली दुसरं देईन.

"दुसरं कुठून देणार?" मी विचारलं.

ते बेसमेंटमध्ये गेले आणि कपाटाचं कुलूप उघडलं.

रविवारी दिवसभर आम्ही फिरलो. बर्फ पडत होता, मी गाडी चालवत होते, आणि मागे काकांचा वर्षानुवर्षांचा पारखलेला साठा. प्रत्येक घरी तेच. काका लायसन्स बघत, नव्या मालाचे बॉक्स परत घेत, तितकेच आपले देत, सॉरी म्हणत आणि निघत. बहुतेकांना हे फारच वाटत होतं. गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याने तर नकारच दिला. "माझी सगळी व्यवस्थित उडाली," तो म्हणाला. "उरलेलीही उडतील. तुमची चांगली तुमच्याकडेच ठेवा."

"असेल," काका म्हणाले, "पण मी ती तपासलेली नाहीत."

"मग मी तपासतो."

काका दारातच उभे राहिले. भांडले नाहीत, हललेही नाहीत. उघड्या दारातून घरातली हीट बाहेर चालली होती आणि बर्फ आत येत होता. आतून शेतकऱ्याची बायको ओरडली की काय ते देऊन टाक आणि दार लाव. त्याने देऊन टाकलं.

शेवटी डोरीनकडे गेलो. त्यांनी चहा केला होता. काका खुर्चीच्या कडेवर बसले आणि कप हातात धरून म्हणाले, "लॉट वेगळा होता. मी पाहिलं होतं. तरी घेतला."

"पण तुम्ही ऐकलंत," डोरीन म्हणाल्या. "माझी दोन लग्नं झाली. दोघांनाही मी शेजारच्या खोलीतून हाक मारलेली कधी ऐकू आली नाही."

मी हसले. काका हसले नाहीत. "त्या वेळी मी दुसरीकडे बघत असतो, शिंकत असतो तर?" ते म्हणाले. "दॅट इज नॉट क्वालिटी कंट्रोल, डोरीन. दॅट इज लक."

डोरीननी त्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतला.

दुकानदार विकलेली काडतुसं परत घेत नाही, म्हणून काकांनी आधी फोन करून तो सगळा माल पोलिस स्टेशनवर नष्ट करायला दिला. काउंटरवरच्या तरुण ऑफिसरने विचारलं, यात काय बिघाड आहे. काका म्हणाले, "माहीत नाही. हाच बिघाड आहे."

त्यानंतर काका क्लबवर जाईनासे झाले. उडवायला घरात काही नव्हतं हे एक कारण, पण तेवढंच नव्हतं. क्लबमधून फोन येत, काका आवाज ओळखून काकूंच्या हातात देत. शनिवारी सकाळी ते फावड्याने ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत. बर्फाच्या कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. आमचा झाला की शेजाऱ्यांचा, मग त्यांच्या पलीकडच्यांचा. बर्फ नसेल त्या शनिवारी घरात फिरत. एकदा काकूंच्या डब्यांचं झाकण नीट बसतं का हे तपासताना मी त्यांना पाहिलं. ते प्रत्येक झाकण लावत, उघडत आणि कान जवळ नेऊन परत लावत.

"मला शनिवारी हा माणूस घरात असायची सवय नाही," काकू मला म्हणाल्या. "इतकी वर्षं म्हणत होते, बंद करा ते. आता केलंय तर बघवत नाही." त्यांनी ओढणीला हात पुसले आणि डोरीनना फोन लावला. काकूंचं इंग्रजी थोडकं आणि ठाम. "डोरीन," त्या म्हणाल्या, "प्लीज कम अँड टेक हिम."

डोरीन लगेच आल्या नाहीत. त्यांचं पिस्तुल दुरुस्तीला गेलं होतं. अडकलेली गोळी काढून, नळी तपासून ते परत येईपर्यंत बर्फ वितळायला लागला होता. दुकानात थोडा थोडा माल येऊ लागला होता, बहुतेक नव्या नावांचा. एका शनिवारी सकाळी डोरीनची गाडी आमच्या ड्राइव्हवेत येऊन उभी राहिली. त्या आत आल्या नाहीत. गाडीत पिस्तुल असताना गाडी सोडायची नाही, हे त्या काकांकडूनच शिकल्या होत्या. त्यांनी हॉर्न वाजवला. काकूंनी काकांचं जाकीट आणि इअरमफ त्यांच्या हातात दिलं आणि दार उघडं धरलं.

"माझ्याकडे काडतुसं नाहीत," काका म्हणाले.

"तुम्हाला कुठे काय उडवायचं आहे?" काकू म्हणाल्या. "ती बाई बोलावतेय, जा."

मीही गेले. क्लबवर सगळ्यांनी काकांना नेहमीसारखी मान डोलावली आणि आपापलं काम चालू ठेवलं. कुणीतरी आधीच सांगून ठेवलं असावं. डोरीननी आपल्या लेनच्या टेबलावर एक नवा बॉक्स ठेवला. कंपनी अनोळखी.

"मी हा उडवणार आहे," त्या काकांना म्हणाल्या. "सावकाश. एका वेळी एकच भरून. तुम्ही मागे उभे राहून ऐका."

"मी उडवतो," काका म्हणाले. "आधी मी."

"हात माझे आहेत," डोरीन म्हणाल्या. "कान तुमचे."

काकांनी खिशातून चुंबक काढून बॉक्समधल्या काडतुसांवरून फिरवलं. काही चिकटलं नाही. बॉक्स उलटा करून नंबर वाचला. इअरमफ चढवले आणि डोरीनच्या उजव्या खांद्यामागे जाऊन उभे राहिले, डोळे मिटून.

डोरीननी एक भरलं, उडवलं आणि त्या थांबल्या. काकांनी मान डोलावली. दुसरं भरलं. मी बाकावर बसले होते आणि माझ्या लक्षात आलं की आजूबाजूच्या लेनमधले आवाज थांबलेत. कुणी बघत नव्हतं, पण सगळे काहीतरी पुसत होते, टार्गेट बदलत होते, कॉफी ओतत होते. हॉलमध्ये फक्त डोरीनचा बार आणि त्याच्यानंतरची शांतता. अर्ध्या बॉक्सनंतर एकदा काकांनी हात वर केला. डोरीननी पिस्तुल खाली ठेवलं. काकांनी नळीत सळई घालून पाहिली, ती आरपार गेली. पुन्हा सुरू झालं.

बॉक्स संपला तेव्हा डोरीननी इअरमफ काढले आणि मागे वळून पाहिलं. काकांनीही डोळे उघडले. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"गुड?" डोरीननी विचारलं.

"धिस बॉक्स वॉज गुड," काका म्हणाले. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "पुढच्याचं पुढच्या बॉक्सला विचारायचं."

डोरीनना मी ते इंग्रजीत करून सांगितलं. त्यांनी मान डोलावली, बॅगेतून दुसरा बॉक्स काढून टेबलावर ठेवला, आणि काका पुन्हा त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.